एकवीस दिवसांची रजा: आयसीयूतील ताण आणि त्यापायी केलेले कागदपत्र

मी आयसीयूत, म्हणजे अतिदक्षता विभागात, नर्स आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मी मानसिक ताणामुळे एकवीस दिवसांची वैद्यकीय रजा घेतली. रजेचा विचार मनात आला तेव्हा ती कशी घ्यायची, कोणाच्या सहीने घ्यायची आणि त्या काळात पगाराचे काय होते, हे सांगणारे मला कोणी भेटले नाही. ‘आपल्या लाइनमध्ये असे असतेच’ म्हणणारे मात्र पुष्कळ भेटले. म्हणून घडले ते तारखांसह लिहून ठेवते आहे.

मी जीएनएम (नर्सिंगची पदविका) झाले त्याला आता नऊ वर्षे होतील. त्यांपैकी सात वर्षे पुण्यातील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात गेली. राहायला धनकवडीत, घरी पती, सासूबाई आणि चार वर्षांची मुलगी. आमच्याकडे मॉर्निंग सकाळी ८ ते २, इव्हिनिंग २ ते ८ आणि नाइट रात्री ८ ते सकाळी ८ अशा ड्यूट्या असतात. हा क्रम अंगवळणी पडलेला होता आणि मला कामाचा कंटाळाही नव्हता, हे आधीच सांगते, कारण पुढे अनेकांनी ‘तुला काम आवडत नसेल’ असे निदान परस्पर करून टाकले.

ऑक्टोबर २०२३ पर्यंतच्या दोन महिन्यांत आमच्या विभागातील तीन जणी गेल्या. एकीची नॉरसेट या नर्स-भरतीच्या परीक्षेतून एम्समध्ये निवड झाली, एक आखाती देशात गेली आणि एक बाळंतपणाच्या रजेवर गेली. त्यांच्या जागी कोणी आले नाही. व्हेंटिलेटरवरील प्रत्येक रुग्णामागे एक नर्स असावी, हे आम्ही अभ्यासक्रमात शिकतो आणि परीक्षेत लिहितो. प्रत्यक्षात माझ्याकडे कित्येक रात्री असे दोन आणि कधी तीन रुग्ण असत. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, १२ नोव्हेंबरला, इव्हिनिंगला जोडून नाइट करावी लागली. दुपारी २ ला गेलेली मी दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला सुटले. मावशींनी आयसीयूच्या दाराशी काढलेली रांगोळी तोवर ट्रॉलीच्या चाकांनी पुसून गेली होती. त्या डबल ड्यूटीचा कॉम्प-ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, मला आजतागायत मिळालेला नाही.

डिसेंबरमध्ये ज्या गोष्टी घडू लागल्या, त्यांचा एकमेकींशी संबंध आहे हे मला तेव्हा कळले नाही. घरी कुकरची शिट्टी झाली की शिरेत औषध सोडणाऱ्या इन्फ्युजन पंपाचा अलार्म वाजला असे वाटून मी उठून उभी राही. नाइट करून परतताना बसमध्ये डोळा लागून मी दोनदा कात्रजला शेवटच्या थांब्यावर पोहोचले आणि कंडक्टरने उठवले. रुग्णाच्या नातेवाइकाने तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की मला चीड येई, आणि उत्तर दिल्यावर आपण माणसाशी बोललो की फळ्याशी, असा प्रश्न पडे. सर्वांत वाईट म्हणजे बेड क्रमांक दोनचे आजोबा गेले त्या पहाटे मला काहीच वाटले नाही. मी चार्ट पूर्ण केला आणि चहा प्यायले. मला वाटले, आपण अखेर पक्क्या झालो.

९ जानेवारीची रात्र ही माझी सलग पाचवी नाइट होती. पहाटे चारच्या सुमारास चार नंबरच्या रुग्णाची लाइन (शिरेत लावलेली नळी) फ्लश करण्यासाठी मी ट्रेमधून सलाइनची दहा मिलीची अँप्युल उचलली, सिरिंज भरली आणि बेडकडे वळले. शेजारच्या बेडवर ड्यूटीला असलेले ब्रदर (पुरुष नर्स) म्हणाले, “सिस्टर, एक मिनिट. ती केसीएल आहे.” केसीएलचे, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडचे, तीव्र द्रावण पातळ न करता थेट शिरेत गेले, तर हृदय बंद पडू शकते, हे आम्ही पहिल्या वर्षापासून घोकलेले असते. दोन्ही अँप्युल प्लास्टिकच्या, एकाच आकाराच्या. केसीएल कुलुपात ठेवायची, हा नियम. गर्दीच्या रात्री ती ट्रेमध्ये येऊन पडत असे, ही सवय. रुग्णाला काही झाले नाही. मी सिरिंज फेकली, हात धुतले आणि सकाळी ८ पर्यंत उरलेली ड्यूटी केली, ती कशी केली ते मला आठवत नाही.

अशा टळलेल्या चुकीसाठी ‘नीअर मिस’चा फॉर्म असतो. तो मी दुसऱ्या दिवशी स्वतःहून भरला. कारणाच्या रकान्यात छापील पर्याय होते. त्यांतील ‘कर्मचाऱ्याचे दुर्लक्ष’ या पर्यायावर खूण केली आणि खाली मोकळ्या जागेत लिहिले की, ही सलग पाचवी नाइट होती, माझ्याकडे व्हेंटिलेटरवरचे तीन रुग्ण होते आणि केसीएल उघड्या ट्रेमध्ये होती. इन्चार्ज सिस्टरांनी ते वाचून चष्मा काढला. “अगं, एवढे कशाला लिहितेस? खूण केलीस ना, पुरे आहे.” त्या वाईट बाई नाहीत, त्यांनाही वर उत्तर द्यायचे असते. मी ती ओळ तशीच ठेवली. आठवड्याभरात सर्व केसीएल कुलूपबंद कपाटात गेली. तीन रुग्णांबद्दलच्या वाक्याचे काय झाले, ते मला कोणी सांगितले नाही. असा फॉर्म भराल तेव्हा स्वतःच्या चुकीबरोबर त्या रात्रीची परिस्थितीही तारीख, वेळ आणि रुग्णसंख्येसह लिहा. पुढे डॉक्टरांसमोर बसले तेव्हा माझ्याकडे नेमके सांगण्यासारखे एवढेच होते.

त्यानंतर मला झोप येईनाशी झाली. डोळे मिटले की सिरिंज दिसे. १४ जानेवारीला, रविवारी दुपारी, घरातले सगळे झोपलेले असताना मी गच्चीवर जाऊन १४४१६ हा क्रमांक लावला. ही केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्याची सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली, विनामूल्य आणि चोवीस तास चालणारी. भाषा निवडता येते, म्हणून मी मराठी निवडली. पलीकडच्या बाईंशी मी सुमारे पंचवीस मिनिटे बोलले आणि त्यातली पहिली दहा मिनिटे रडले. त्यांनी उपदेश केला नाही. जिवाचे काही बरेवाईट करण्याचे विचार येतात का, हे सरळ विचारले; नाही म्हटल्यावर झोप, जेवण आणि ड्यूटीविषयी विचारले आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्याचा सल्ला दिला. रोज दहा-बारा जणांना ‘दुखतंय का’ विचारणाऱ्या मला तो प्रश्न कित्येक महिन्यांत कोणी विचारला नव्हता.

पुण्यात या वाटेवर एक अडथळा जास्तीचा आहे, तो म्हणजे ‘येरवडा’ हा शब्द. तिथे मनोरुग्णालय आहे आणि शहरात निम्मी थट्टा त्याच नावाने चालते. सासूबाईंना सांगितले तेव्हा त्या आधी गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “सगळ्यांनाच काम असतं गं. आम्ही कधी मनाची सुट्टी घेतली?” त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते, त्यांना ती कोणी दिलीच नव्हती. पतीने फारसे काही विचारले नाही, डॉक्टरांची वेळ मात्र त्यानेच घेतली.

२० जानेवारीला सदाशिव पेठेतील एका खासगी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. पहिल्या भेटीचे ९०० रुपये, पुढच्या प्रत्येक भेटीचे ६००. त्यांनी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. तीत २७ पैकी माझे १३ गुण आले. १० ते १४ म्हणजे मध्यम स्वरूपाचे नैराश्य. मी विचारले, “डॉक्टर, हे बर्नआउट आहे का?” त्यांनी सांगितले ते प्रत्येक नर्सने लक्षात ठेवावे असे मला वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आहे, पण ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणी निर्माण होणारी अवस्था म्हणून. तिची लक्षणे तीन: शक्ती संपून जाणे, कामाविषयी तुटलेपणा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. बेड दोनच्या आजोबांची पहाट मला तिथे आठवली. मी जिला पक्केपणा समजत होते ती दुसऱ्या क्रमांकाची खूण होती. आणि बर्नआउट आजारांच्या यादीत नसल्यामुळे तो शब्द लिहून रजा मागता येत नाही. माझ्या कागदावर ‘समायोजन विकार, एफ ४३.२’ (ताणाच्या परिस्थितीशी जुळवून घेता न येण्याचा आजार आणि त्याचा क्रमांक) असे लिहिले गेले. डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी, समुपदेशन आणि तीन आठवडे विश्रांती सांगितली.

इथून पुढचा भाग कागदपत्रांचा आहे आणि खरे तर त्यासाठीच हे लिहायला घेतले.

माझा पगार दरमहा २०,४०० रुपये. एकवीस हजारांच्या आत असल्यामुळे मी कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो त्यात येते. पाऊण टक्क्याप्रमाणे माझ्या पगारातून महिन्याला १५३ रुपये कापले जात होते आणि ते कशासाठी, याचा सात वर्षांत मी विचार केला नव्हता. या योजनेत आजारपणाच्या काळात रोजच्या सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षातून जास्तीत जास्त ९१ दिवस मिळते. अट अशी की, ठरलेल्या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी. जानेवारी ते जून या काळातील आजारपणासाठी आदल्या वर्षीचे एप्रिल ते सप्टेंबर हे महिने धरतात. पहिले दोन दिवस प्रतीक्षेचे, त्यांचे पैसे मिळत नाहीत. ज्या दिवसांची पगारी रजा घ्याल, त्या दिवसांचा हा लाभ मिळत नाही, म्हणून रजेच्या अर्जात ‘विनावेतन’ असे स्पष्ट लिहावे लागते. आमच्या एचआरमधील मुलाला हे ठाऊक नव्हते. त्याने माझ्या नऊ अर्जित रजा लावून टाकल्या होत्या. त्या काढून घेण्यासाठी मला तीन फेऱ्या माराव्या लागल्या.

माझी खरी अडचण नावाची होती आणि ती माझ्याच आळसाची होती. ईएसआयच्या नोंदीत माझे माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे आणि नेमून दिलेला दवाखाना लग्नापूर्वीच्या पत्त्याजवळचा. विवाह नोंदणीचा दाखला, आधार आणि रुग्णालयाचे पत्र जोडून नाव दुरुस्त व्हायला आणि दवाखाना बदलून मिळायला २५ जानेवारी ते ८ फेब्रुवारी असे दोन आठवडे गेले. तोवर मी त्याच आयसीयूत ड्यूटी करत होते, कुलूपबंद केसीएलकडे दर तासाला नजर टाकत. ज्यांचे लग्न झाले आहे त्या सगळ्या जणींना माझी विनंती आहे की, आजारी पडण्याची वाट न पाहता हे नाव आजच तपासून घ्यावे.

खासगी डॉक्टरांचा कागद ईएसआयमध्ये तसाच चालत नाही. तो आणि गोळ्यांची चिठ्ठी दवाखान्यातील डॉक्टरांना दाखवली, त्यांनी स्वतः तपासले आणि मग १२ फेब्रुवारी या तारखेपासून फॉर्म ७ वर पहिले प्रमाणपत्र दिले. ते सात दिवसांचे असते. दर सात दिवसांनी जाऊन पुढचे घ्यायचे आणि शेवटी ‘कामावर रुजू होण्यास योग्य’ असे अंतिम प्रमाणपत्र. ही प्रमाणपत्रे फॉर्म ९ बरोबर ईएसआयच्या शाखा कार्यालयात द्यायची, सोबत बँकेचे तपशील. प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स काढा आणि एकीवर शिक्क्यासह पोच घ्या. मला पोच मागायची लाज वाटत असे. दुसऱ्या आठवड्याचे प्रमाणपत्र ‘मिळालेच नाही’ असे ऐकल्यावर ती लाज संपली. सकाळी साडेआठला रांगेत उभे राहिले तर अकरापर्यंत काम होते, दहाला गेले तर तो दिवस जातो.

एचआरने दोनदा सुचवले की, ‘त्यापेक्षा राजीनामा द्या, बऱ्या झालात की परत या.’ तेव्हा लागू असलेल्या ईएसआय कायद्याच्या कलम ७३ नुसार, आजारपणाचा लाभ घेत असलेल्या कर्मचाऱ्याला त्या काळात कामावरून काढता किंवा शिक्षा करता येत नसे. स्वतः दिलेल्या राजीनाम्यापुढे मात्र कोणतेच कलम उपयोगी पडत नाही. मी सही केली नाही. पाच नाइट केलेल्या माणसाने त्या आठवड्यात कशावरच सही करू नये, असे माझे मत झाले आहे.

रजेचे पहिले चार दिवस मी झोपले. पाचव्या दिवसापासून अपराधी वाटू लागले, कारण व्हॉट्सअॅप गटावर माझ्या जागी कोण डबल करते आहे ते रोज दिसत होते. समुपदेशक बाईंनी पहिल्याच बैठकीत तो गट बंद करायला लावला. त्यांच्या आठ बैठका झाल्या, प्रत्येकी ७०० रुपये. उच्छ्वास लांबवण्याचा व्यायाम त्यांनी शिकवला तेव्हा मला हसू आले, कारण शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांकडून असलेच व्यायाम मी रोज करून घेते आणि स्वतः कधी केले नव्हते. सकाळी तळजाईच्या टेकडीवर जाऊ लागले. व्यायामापेक्षा तिथे मला कोणी ‘सिस्टर’ म्हणून हाक मारत नसे, हे अधिक उपयोगी पडले.

नाइटसाठी समुपदेशक बाईंनी सांगितलेल्या काही गोष्टी मी अजून पाळते. पहाटे तीननंतर चहा घ्यायचा नाही. ब्रेक मिळाला तर वीस मिनिटे पडायचे, त्याहून जास्त नाही. घरी जाताना काळा गॉगल घालायचा, म्हणजे उन्हाने झोप उडत नाही. सकाळी साडेआठच्या बसमध्ये लोक बघतात, बघू देत. ड्यूटी संपल्यावर लॉकरपाशी उभे राहून वहीत पाच मिनिटे लिहायचे: आज काय राहून गेले आणि त्यातले माझ्या हातात काय होते. दोन्ही ओळी लिहिल्यावर वही लॉकरमध्येच ठेवायची, घरी न्यायची नाही.

४ मार्चला रुजू झाले. अंतिम प्रमाणपत्र दिल्यावर एचआरने औषधांची चिठ्ठीही मागितली. माझ्या डॉक्टरांनी आधीच बजावले होते की, मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार ही माहिती गोपनीय ठेवण्याचा मला हक्क आहे. रुग्णालयाला तारखा आणि कामास योग्य असल्याचा दाखला पुरतो. मी तसे नम्रपणे सांगितले. दोन दिवस कोणी नीट बोलले नाही, मग विषय थांबला. विभागात मात्र बातमी पोहोचलेलीच होती. एका मामांनी विचारले, “आता डोकं बरं आहे ना सिस्टर?” त्यांनी खरोखर काळजीने विचारले होते, म्हणून मी हो म्हणाले.

आल्याबरोबर मी लेखी अर्ज दिला: तीन महिने सलग तीनहून जास्त नाइट नकोत आणि शक्य असल्यास डायलिसिस विभागात बदली. सोबत डॉक्टरांचे पत्र. बदली नाकारली गेली. नाइटची अट इन्चार्ज सिस्टरांनी तोंडी मान्य केली आणि, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे, जूनपर्यंत पाळली. एप्रिलमध्ये दोन नव्या मुली आल्या आणि माझ्याकडे बहुतेक रात्री दोनच रुग्ण राहू लागले. मला बरे कशाने वाटले, असे कोणी विचारले तर मी गोळी, समुपदेशन आणि टेकडी या तिघांची नावे घेईन, पण आधी त्या दोन मुलींचे घेईन. मार्चअखेरीस रुग्णालयाने ताणव्यवस्थापनाची कार्यशाळाही ठेवली होती, दुपारी तीनला. नाइटवाल्यांनी झोप मोडून यायचे होते. मी गेले नाही.

पैशांचा हिशेब असा. रजेमुळे पगारातून साधारण १४,००० रुपये गेले. दिवसाला सुमारे ४७० प्रमाणे एकोणीस दिवसांचे ८,९३० रुपये १७ एप्रिलला बँकेत जमा झाले. डॉक्टरांच्या चार भेटी २,७००, समुपदेशन ५,६००, औषधे १,१५०, रिक्षा आणि झेरॉक्स मिळून सुमारे ८००. म्हणजे पदरचे पंधरा हजारांच्या वर गेले आणि ते पतीच्या ओव्हरटाइममधून भरून निघायला जूनअखेर उजाडली. ज्यांचा पगार एकवीस हजारांच्या वर आहे त्यांना ही योजना लागू नाही. त्यांनी नियुक्तिपत्रासोबत मिळालेले रजेचे नियम काढून आजारपणाची रजा किती आहे ते वाचावे.

गोळी मे महिन्यात डॉक्टरांनी हळूहळू कमी करून बंद केली. जुलैत प्रश्नावली पुन्हा भरली, ५ गुण आले. कुकरच्या शिट्टीला अजून दचकते, पण जागची उठत नाही. ऑगस्टमध्ये एका रात्री सात नंबरची मुलगी गेली आणि मी लिननच्या खोलीत जाऊन रडले. मावशी बाहेर दाराशी उभ्या राहिल्या, कोणाला आत येऊ दिले नाही. समुपदेशनाला आता महिन्यातून एकदा जाते. पुढची बैठक १४ सप्टेंबरची ठरली होती, पण गणपतीत पेठेत रिक्षा शिरत नाही म्हणून ती २१ तारखेवर नेली आहे, आणि त्या दिवशीचा ऑफ रोस्टर लागण्यापूर्वीच इन्चार्ज सिस्टरांकडून लिहून घेतला आहे.